हे हुथी-हिजबुल्ला वगैरे खरंच इराणचं ऐकतात का? आणि ऐकत असतील तर मोठं युद्ध पेटतं कसं?

खिडकीतला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय आणि बातम्या वाचून गुंता अजूनच वाढतोय म्हणून इथे विचारतो. प्रत्येक चर्चेत एक वाक्य ठरलेलं असतं की देश प्रॉक्सी गट पोसतात कारण त्यांना स्वतः उतरायचं नसतं, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि आपण नामानिराळं राहायचं. इथपर्यंत कळतं. पण मग इराणचं बघा ना, चाळीस वर्षं लेबनॉनमधल्या हिजबुल्लाला पोसलं, मग इराकमधल्या मिलिशिया (सशस्त्र टोळ्या), मग गाझातली हमास, मग येमेनमधले हुथी, हे सगळं कशासाठी तर लढाई आपल्या दारात येऊ नये म्हणून. आणि झालं काय? एप्रिल २०२४ मध्ये स्वतःच्या जमिनीवरून इस्रायलवर तीनशेच्या वर ड्रोन आणि मिसाइलं सोडली, ऑक्टोबरमध्ये परत तेच, आणि जून २०२५ मध्ये तर बारा दिवस खुद्द तेहरानवर बॉम्ब पडत होते. जे टाळायला एवढा खटाटोप केला तेच दारात येऊन उभं राहिलं की.

तर प्रश्न असे. एक, हे गट खरंच मालकाचं ऐकतात का, की पैसे घेऊन आपल्याच मनाचं करतात. दोन, ऐकत असतील तर गोष्ट हाताबाहेर जाते कुठे, नेमकी ठिणगी कुठे पडते. आणि तीन, हे फक्त इराणच करतो का? टीव्हीवर तरी तसंच वाटतं. (हमासवाले पण शियाच ना? की मी काहीतरी घोळ करतोय?)

बोरूबहाद्दर

घोळ करताय :) हमास सुन्नी आहे, मुस्लिम ब्रदरहूडच्या मुशीतली. हुथी झैदी, म्हणजे शियांमधलाच पण इराणपेक्षा वेगळा पंथ. इराणशी पंथाने आणि विचाराने खरं जुळणारं म्हणजे हिजबुल्ला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, बाकीचं सांगायला जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुळात प्रॉक्सी म्हटलं की रिमोट कंट्रोल असल्यासारखं वाटतं, तेहरानमध्ये बटण दाबलं की येमेनच्या सनामधून मिसाइल उडालं. तसं नसतं हो. कोणाचं दावं आखूड असतं, कोणाचं लांब, आणि कोणी कोणी तर दावं गळ्यात ठेवून खुंटाच उपटलेला असतो.

सुरुवात कशी झाली ते बघा. जून १९८२ मध्ये इस्रायल लेबनॉनमध्ये घुसला. तेव्हा इराण स्वतः इराकशी लढत होता, लढाऊ विमानं शहाच्या काळातली अमेरिकन आणि अमेरिका सुटे भाग द्यायला तयार नाही. अशा वेळी त्यांनी रिव्होल्युशनरी गार्ड्स या आपल्या खास फौजेची एक तुकडी सीरियामार्गे लेबनॉनच्या बेका खोऱ्यात पाठवली, तिथल्या शिया पोरांना शिकवलं, पैसा दिला, त्यातून हिजबुल्ला उभं राहिलं. थोडक्यात हा गरिबाचा आरमार-विमानदलाचा पर्याय होता. मग २३ ऑक्टोबर १९८३ ला बैरूतमध्ये स्फोटकं भरलेले ट्रक घुसवून २४१ अमेरिकन आणि ५८ फ्रेंच सैनिक मारले गेले. जबाबदारी घेतली 'इस्लामिक जिहाद' नावाच्या कोणीतरी, बोट सगळ्यांचं इराणकडे. आणि नंतर काय झालं तर काही महिन्यांत अमेरिकन मरीन्स लेबनॉनमधून निघून गेले आणि तेहरानवर एक बॉम्ब पडला नाही. युद्ध जाहीर न करता महासत्तेला घरी पाठवता येतं, हा धडा तेहरानने तेव्हा जो गिरवला तो पुढची चाळीस वर्षं विसरला नाही.

आता दाव्याच्या लांबीबद्दल. हिजबुल्लाचं सगळ्यात आखूड, त्यांचा प्रमुख नसरल्लाने २०१६ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं की आमचा पगार, शस्त्रं, खर्च सगळं इराणकडून येतं, लपवाछपवी नाहीच. इराकी मिलिशियांचं प्रकरण विचित्र आहे, २०१४ ला आयसिसने मोसूल घेतल्यावर हश्द अल-शाबी म्हणून जे दल बनलं त्यातले बरेच गट इराणच्या बाजूचे, पण २०१६ च्या कायद्याने ते इराक सरकारचेच भाग झाले, म्हणजे पगार बगदादचा आणि कान तेहरानकडे. हमासने तर २०१२ मध्ये सीरियाच्या यादवीवरून तिथले तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्याशी आणि पर्यायाने इराणशी फारकतच घेतली होती, दमास्कसमधलं कार्यालय गुंडाळून निघून गेले, नंतर परत जमवून घेतलं. आणि हुथींनी सप्टेंबर २०१४ मध्ये सना घेतली ती इराणने नको म्हटलेलं असतानाही, असं तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापून आलं होतं.

मग इराणला यातून मिळतं काय, तर प्रत्येक गोष्टीवर हुकूम चालवण्यापेक्षा समोरच्याच्या डोक्याला कायमचा ताप. हुथींचं ड्रोन काही हजार डॉलरचं आणि ते पाडायला अमेरिकन युद्धनौका वीसेक लाख डॉलरचं मिसाइल उडवते, हा हिशोब इराणला परवडतो. नियंत्रण कमी असलं तरी चालतं, उलट कमी असल्याचं दाखवता येतं तेच बरं, विचारलं की कानावर हात.

रात्रपाळी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

इस्रायलने साउथ लेबनॉन आर्मी पोसली, मे २००० मध्ये इस्रायल बाहेर पडला तसं ते दल काही दिवसांत कोसळलं. तुर्कीने सीरियन लढवय्ये लिबियात नेले. यूएईने येमेनच्या दक्षिणेत सदर्न ट्रान्झिशनल कौन्सिल ही फुटीर संघटना उभी केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी एडन घेतलं ते कोणाकडून, तर सौदीच्या पाठिंब्यावरच्या सरकारकडून! दोघं एकाच आघाडीत, दोघांचा शत्रू हुथी, आणि प्यादी एकमेकांनाच मारतायत. रवांडा काँगोमध्ये एम२३ या बंडखोर गटाच्या मागे आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहून दिलंय, रवांडा नाही म्हणतो, जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर त्यांच्या हाती पडलं. इराण जास्त दिसतो कारण टीव्हीवाल्यांचा कॅमेरा तिकडे असतो.

मोडीवाचक

बोरूबहाद्दर, दाव्याचं उदाहरण आवडलं. मला हा विषय निघाला की पेंढारी आठवतात, जरा अवांतर वाटेल पण ऐकून घ्या.

शिंदेशाही आणि होळकरशाही असे पेंढाऱ्यांचे सरळ दोन तट होते. त्यांना नेमका पगार नाही, फौजेबरोबर जायचं, लूट करायची आणि त्यावरच पोट भरायचं, सरदाराला फुकटात घोडदळ मिळतं आणि कोणी तक्रार केली की ते आमच्या फौजेत नाहीत म्हणून सांगता येतं. आजच्या भाषेत डिनायबिलिटी का काय म्हणतात ती हीच. चाललं बरीच वर्षं. पण मग हे लोक कंपनीच्या मुलखात घुसायला लागले, १८१६ मध्ये पार गुंटूरपर्यंत गेले, आणि कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला पाहिजे तो बहाणा मिळाला. १८१७ मध्ये त्याने लाखावर फौज जमवली, नाव काय तर पेंढाऱ्यांचा बंदोबस्त. आता गंमत बघा, पेंढाऱ्यांच्या मागे लागायचं तर शिंद्यांच्या मुलखातून जायला लागणार, म्हणून दौलतराव शिंद्यांच्या छातीवर फौज आणून ५ नोव्हेंबर १८१७ ला ग्वाल्हेरचा तह करून घेतला, की तुम्हीच तुमच्या पेंढाऱ्यांविरुद्ध आम्हाला मदत करा. आणि त्याच दिवशी तिकडे खडकीला पेशव्यांशी लढाई जुंपली. डिसेंबरात महिदपूरला होळकर हरले, १८१८ ला पेशवाई संपली.

पेंढाऱ्यांचं काय झालं? अमीर खानाला टोंकचं संस्थान मिळालं, करीम खान शरण जाऊन जहागीर घेऊन बसला, चितू मात्र जंगलात वाघाच्या तोंडी गेला. पोसणाऱ्यांचं स्वातंत्र्य गेलं आणि पोसलेल्यांतला एक नवाब झाला!

पेंढाऱ्यांमुळेच मराठेशाही बुडाली असं मी म्हणत नाही, कारणं छप्पन्न होती. पण हेस्टिंग्जने काय केलं ते बघा, 'ते आमचे नाहीत' हे वाक्य ऐकूनच घ्यायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि ते ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी फुकटचं घोडदळ महागात पडलं.

खिडकीतला

मोडीवाचक, हे अजिबात अवांतर नाहीये, उलट मला माझा दुसरा प्रश्न आत्ता नीट कळला. म्हणजे नामानिराळं राहणं हे आपल्या हातात नसून समोरच्याच्या मर्जीवर असतं, असंच ना?

कीसकाढू

अगदी. आणि यात कायदा किती लंगडा आहे ते पण बघून घ्या. निकाराग्वाने अमेरिकेला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं काँट्रा बंडखोरांवरून, १९८६ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं की काँट्रांना शस्त्रं देणं, ट्रेनिंग देणं हे बेकायदा आहे, पण काँट्रांनी केलेला प्रत्येक अत्याचार अमेरिकेच्या खात्यावर टाकायचा तर त्या त्या कारवाईवर अमेरिकेचं प्रत्यक्ष नियंत्रण होतं हे दाखवावं लागेल, आणि ते सिद्ध झालं नाही. पुढे १९९९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्हे न्यायालयाने तादिच खटल्यात पट्टी जरा खाली आणली, एकंदर नियंत्रण असलं तरी पुरे म्हणाले. म्हणजे दोन न्यायालयं, दोन पट्ट्या.

पण ही कोर्टातली गोष्ट झाली. ज्या देशाची माणसं मेलीत तो देश पट्टी घेऊन बसत नाही. २००१ मध्ये बुश सरळ म्हणाले की दहशतवादी आणि त्यांना आसरा देणारे यांच्यात आम्ही फरक करणार नाही, संपला विषय. पुरावा किती पाहिजे हे शेवटी ज्याला मार बसलाय तोच ठरवतो आणि तो कधी ठरवेल हे पोसणाऱ्याला आधी कळत नाही, भानगड तिथे आहे.

तिसरा मजला

ठिणगी कुठे पडते विचारलंत ना, तर एकच साखळी देते, तारखा लक्षात ठेवून वाचा कारण सगळं मिळून दोन आठवडेसुद्धा नाहीत.

२७ डिसेंबर २०१९. इराकमध्ये किर्कुकजवळच्या के-वन तळावर रॉकेटं पडली. असे रॉकेट हल्ले त्याआधीही होत होते, यावेळी फरक एवढाच की एक अमेरिकन कंत्राटदार मेला. २९ तारखेला अमेरिकेने कताइब हिजबुल्लाच्या (लेबनॉनवालं नाही, हे इराकी) तळांवर बॉम्ब टाकले, दोन डझन तरी माणसं मेली. ३१ ला त्यांच्या समर्थकांनी बगदादमधल्या अमेरिकन वकिलातीचं फाटक फोडलं. ३ जानेवारीला बगदाद विमानतळाजवळ ड्रोनने इराणचा जनरल कासिम सुलेमानी आणि इराकी मिलिशियांचा नेता अबू महदी अल-मुहंदिस दोघं ठार. ८ जानेवारीला इराणने ऐन अल-असद तळावर बॅलिस्टिक मिसाइलं मारली, इराकला आधी कळवून मारली म्हणून कोणी मेलं नाही, पण शंभरावर अमेरिकन सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं नंतर हळूहळू बाहेर आलं. आणि त्याच पहाटे, आता अमेरिका उलटा वार करणार या धास्तीत बसलेल्या इराणच्या हवाई संरक्षणवाल्यांनी तेहरानहून निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं, बरेचसे इराणीच.

रॉकेट ज्याने सोडलं त्याच्या डोक्यात यातलं काही असेल? मला नाही वाटत. नेहमीसारखं सोडलं असेल, नेहमीसारखं कुठेतरी पडेल म्हणून. बोरूबहाद्दर म्हणतात नियंत्रण कमी असलं तरी इराणला चालतं, मला हे अर्धंच पटतं. कमी नियंत्रण चालतं ते माणूस मरेपर्यंत. रॉकेट दहा फूट इकडे पडलं की नुसती बातमी आणि दहा फूट तिकडे पडलं की युद्धाच्या उंबरठ्यावर, आणि हे दहा फूट ठरवणारा कोणी तरी वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो ट्रकच्या मागे उभा.

दुसरं उदाहरण जॉर्डनमधल्या टॉवर २२ या अमेरिकन तळाचं. ऑक्टोबर २०२३ पासून अमेरिकन तळांवर दीडशेच्या वर हल्ले झाले होते, बहुतेक वाया गेले, अमेरिका थोडंफार उलट मारायची, चाललं होतं. २८ जानेवारी २०२४ ला एक ड्रोन नेमकं राहायच्या जागेवर पडलं आणि तीन सैनिक मेले. हल्ला तसलाच, बदललं ते फक्त नशीब. २ फेब्रुवारीला अमेरिकेने इराक-सीरियात ८५ च्या वर लक्ष्यांवर बॉम्ब टाकले. पण यावेळी कताइब हिजबुल्लाने ३० जानेवारीलाच हल्ले थांबवत असल्याचं जाहीर करून टाकलं होतं, सुलेमानीच्या जागी आलेले इराणचे जनरल कानी बगदादला येऊन दम देऊन गेल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे खिडकीतले साहेब, ऐकतात की नाही याचं उत्तर हे असं आहे, गळ्याशी आलं की ऐकतात. तोवर मनाचं करतात.

रात्रपाळी

आणि नसरल्लाचं २००६ विसरू नका. १२ जुलैला सीमेवर दोन इस्रायली सैनिक पळवले कैद्यांची अदलाबदल करायला, झालं ३४ दिवसांचं युद्ध. नंतर स्वतःच मुलाखतीत म्हणाला की एवढं होईल अशी एक टक्का जरी शंका असती तरी केलं नसतं.

एवढा मुरलेला माणूस, त्याचा अंदाज चुकला, तिथे बाकीच्यांचं काय.

उलटतपासणी

सगळ्यांचं वाचलं. छान चाललंय पण तुम्ही सगळे एका गोष्टीला बगल देताय असं मला वाटतं, आणि खिडकीतला यांच्या मूळ प्रश्नातच ती आहे.

सगळे गृहीत धरताय की प्रॉक्सींमुळे मोठं युद्ध झालं. मी उलट म्हणतो, प्रॉक्सी होते तोवर मोठं युद्ध झालं नाही, ते मोडले तेव्हा झालं. २००६ नंतर सतरा वर्षं इस्रायल इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायच्या गोष्टी बोलत होता, केला का? नाही केला, आणि त्याच्या कारणांत एक मोठं कारण म्हणजे लेबनॉनमध्ये हिजबुल्लाची हजारो रॉकेटं तेल अवीवकडे तोंड करून ठेवलेली. ती राखणदारी होती. मग २०२४ मध्ये काय झालं ते बघा, १७-१८ सप्टेंबरला हिजबुल्लावाल्यांचे पेजर आणि वॉकीटॉकी फुटले, २७ ला नसरल्ला मेला, नोव्हेंबरअखेर शस्त्रसंधी झाला तोवर हिजबुल्लाची कंबर मोडलेली, ८ डिसेंबरला असद पळाला आणि इराणचा लेबनॉनला जायचा जमिनीवरचा रस्ताच गेला. यानंतर साधारण सहा महिन्यांनी, १३ जून २०२५ ला, इस्रायलने थेट इराणवर हल्ला केला, २२ ला अमेरिकेने फोर्डो, नतान्झ, इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. आणि ज्या हिजबुल्लाला याच दिवसासाठी चाळीस वर्षं पोसलं ते त्या बारा दिवसांत गप्प बसलं.

मग सांगा, मोठं युद्ध प्रॉक्सींच्या जोरामुळे झालं की ते कमजोर झाल्यामुळे?

बोरूबहाद्दर

मुद्दा बिनतोड आहे, पण मधला एक दुवा गाळलात. ते मोडले का? ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला, इस्रायलमध्ये साधारण बाराशे माणसं मेली, अडीचशे ओलीस. त्या दिवसाची आगाऊ खबर इराणच्या वरच्या लोकांनाही नव्हती असा अमेरिकी गुप्तचरांचा सुरुवातीचा अंदाज होता. आणि दुसऱ्याच दिवशी हिजबुल्लाने उत्तरेकडून मारा सुरू केला. पूर्ण युद्ध करायचं नव्हतं पण गप्प बसलं तर इतकी वर्षं दिलेल्या घोषणांचं काय, म्हणून अर्धवट युद्ध. म्हणजे इराणच्या सगळ्यात मोलाच्या राखणदाराला, इराणच्या सगळ्यात कमी ऐकणाऱ्या मित्राच्या निर्णयापायी, वर्षभर हळूहळू झिजावं लागलं. राखणदाराचा उपयोग तो दारात बसलाय तोवरच, एकदा भांडणात उतरला की त्याची ताकद किती आहे ते समोरच्याला मोजून कळतं. इथे तर नुसती मोजलीच नाही, मोडली.

तेव्हा तुमचं आणि माझं दोन्ही बरोबर, असं म्हणून मी काढता पाय घेतला असता, पण नाही, मला माझंच जास्त बरोबर वाटतं :)

आणि एक. १ एप्रिल २०२४ ला इस्रायलने दमास्कसमधल्या इराणी वकिलातीच्या आवारात झाहेदी या गार्ड्सच्या जनरलला मारलं, ते हेस्टिंग्जचंच गणित नव्हे का? प्यादं सोडा, चालवणारा हात पकडा. त्याचंच उत्तर म्हणून तर ते तीनशे ड्रोन-मिसाइलं आली.

मोडीवाचक

बरोबर, हेस्टिंग्जच. आणि आपल्या शेजारचंच उदाहरण अजून कोणी कसं काढलं नाही याचं नवल वाटतंय. ऑगस्ट १९६५, ऑपरेशन जिब्राल्टर. पाकिस्तानने काश्मीरमध्ये साध्या वेशात हजारोंनी घुसखोर पाठवले, जगाला सांगायचं की हा तिथल्या लोकांचा उठाव आहे. उठाव झालाच नाही, उलट तिथल्याच लोकांनी खबर दिली. भारताने २८ ऑगस्टला हाजी पीर घेतलं, पाकिस्तानने १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे घातले, तरी त्यांची खात्री की लढाई काश्मीरपुरतीच राहणार, भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही. ६ सप्टेंबरला भारतीय फौज लाहोरच्या दिशेने निघाली. संपली खात्री.

१९९९ ला कारगिलमध्ये परत तोच पाढा, वर बसलेत ते मुजाहिदीन आहेत म्हणे, आणि मग मुशर्रफ बीजिंगमधून रावळपिंडीला जे फोनवर बोलले ते भारताने ११ जूनला जगाला ऐकवलं. यावेळी भारताने नियंत्रण रेषा ओलांडली नाही म्हणून वाचलं सगळं. २०१६ उरीनंतर ओलांडली, २०१९ ला पुलवामानंतर विमानं बालाकोटपर्यंत, २०२५ ला पहलगामनंतर ७ मे रोजी पार पंजाबातल्या बहावलपूर-मुरीदकेपर्यंत. दर वेळी पायरी चढतेच आहे आणि खाली उतरायचा रिवाज दोन्हीकडे नाही.

तिसरा मजला

पण मोडीवाचक, आपणही धुतल्या तांदळाचे नाही हां. तमिळ वाघांना आधी ट्रेनिंग कोणी दिलं? १९८७ चा करार झाला, शांतिसेना गेली ती त्यांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला, आणि त्यांच्याशीच लढून हजारावर जवान गमावून मार्च १९९० ला परत आली. मे १९९१ ला श्रीपेरंबुदूरला राजीव गांधींची हत्या. भस्मासुराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तरी.

मोडीवाचक

मान्य, ताई. त्यावर काही बोलायला जागाच नाही.

कीसकाढू

प्यादी मालकांनाच एकमेकांवर कशी घालतात याचं सगळ्यात वाईट उदाहरण काँगो आहे, आपल्याकडे कोणी वाचत नाही. १९९८ ला रवांडा आणि युगांडाने मिळून तिथला अध्यक्ष काबिलाविरुद्ध बंडखोर गट उभे केले, काबिलाच्या बाजूने अंगोला, झिंबाब्वे, नामिबिया फौजा घेऊन आले. पुढे बंडखोरांत फूट पडली, एक तट रवांडाचा, एक युगांडाचा. आणि जून २००० मध्ये किसांगानी शहरात रवांडा आणि युगांडाच्या फौजा एकमेकींशीच सहा दिवस लढल्या. दोस्त देश, परक्या देशातलं शहर, आणि मेली कोण तर शेकड्यांनी तिथली साधी माणसं, ज्यांचं या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं.

उलटतपासणी

खिडकीतला, तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी हुथींची एक गंमत राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गॅलेक्सी लीडर जहाज पळवण्यापासून त्यांनी तांबडा समुद्र धरला, जहाज कंपन्या सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागल्या. अमेरिकेने मार्च २०२५ पासून येमेनवर जोरात बॉम्बफेक केली. आणि ६ मे २०२५ ला ओमानच्या मध्यस्थीने समझोता जाहीर झाला, की हुथी अमेरिकन जहाजांना हात लावणार नाहीत आणि अमेरिका बॉम्ब टाकणार नाही. इस्रायल त्यात नाहीच! दोनच दिवस आधी हुथींचं मिसाइल तेल अवीवच्या विमानतळाजवळ येऊन पडलं होतं.

म्हणजे बघा, प्यादं म्हणायचं त्याने थेट महासत्तेशी वेगळा तह केला, आणि महासत्तेने आपल्या दोस्ताला बाहेर ठेवून तो केला. आता यात कोण कोणाचं प्रॉक्सी?

खिडकीतला

सगळ्यांना मनापासून थँक्यू. दुसरा आणि तिसरा प्रश्न सुटला. पहिला सुटला असं तिसरा मजला यांचं वाचून वाटलं होतं, ते आता उलटतपासणींनी परत उसवून ठेवलंय. मोडीवाचक, अमीर खानाला टोंक मिळालं ते कंपनीशी असाच परस्पर तह करून का? तेवढं सांगा, मग धागा वर आणत नाही.

मोडीवाचक

हो, असाच. नोव्हेंबर १८१७ मध्येच. होळकरांना न विचारता.